कॉन्टॅक्ट लेन्स आणि गॉगल: नको तिथे भीती, हवी तिथे बेफिकिरी

निरभ्र

लेन्स डोळ्यामागे निघून जाईल का, उष्णतेने चिकटेल का, याची धास्ती पुष्कळांना असते. डबीतल्या कालच्या सोल्यूशनमध्ये थोडं नवं ओतून काम भागवताना मात्र कुणाचा हात थबकत नाही. गॉगलचंही तेच. काच किती काळी आहे ते सगळे बघतात, ती अतिनील किरण अडवते का हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. लेन्स फिटिंग आणि चष्म्यांच्या कामातले बरेच सभासद इथे वावरतात, त्यांनी नेमकं लिहावं. 'आमच्या मावशीला असं झालं होतं' छापाचे किस्से नकोत, त्यांना दुसरे धागे आहेत.

सुरुवात मीच करतो. लेन्स डोळ्यामागे जाऊ शकत नाही. पापणीच्या आतलं पातळ अस्तर मागे जाऊन वळतं आणि तेच पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरतं. मध्ये फट नाही. त्यामुळे वर एक आणि खाली एक असे दोन बंद खिसे होतात. लेन्स हरवली तर बहुतेकदा वरच्या खिशात दुमडून बसलेली असते.

ती काढायची पद्धत: हात धुऊन डोळ्यात निर्जंतुक सलाइनचे किंवा लेन्सवर चालणाऱ्या कृत्रिम अश्रूंचे तीन-चार थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. मग नजर पार खाली, पायाच्या अंगठ्याकडे न्या आणि मिटलेल्या वरच्या पापणीवरून बोट हलकेच वरून खाली फिरवा. लेन्स खाली सरकते. नाहीच सरकली तर पापणी उलटून बघावी लागते, ते दुसऱ्या जाणत्याकडून करून घ्यावं. बोटाने खरवडत बसू नका. कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) ओरखडा पडला की 'अजून काहीतरी आत आहे' असंच वाटत राहतं, आणि लेन्स कधीच पडून गेलेली असली तरी माणूस शोधतच बसतो. डॉक्टर फ्लुरोसिन नावाच्या रंगाचा थेंब टाकतात तेव्हा सॉफ्ट लेन्स तो रंग पिते आणि निळ्या प्रकाशात हिरवीगार चमकते, लपून राहत नाही. ती लेन्स मग फेकायची, रंग निघत नाही.

कुतूहल

चांगला धागा. पहिली शंका: 'रात्री घालून झोपता येतील' अशा लेन्स रीतसर मंजुरी घेऊन विकल्या जातात. तरीही बहुतेक डॉक्टर झोपू नका म्हणतात. दोन्ही बरोबर कसं?

भिंगरी

दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक ऑक्सिजनचा, एक जंतूंचा.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलं नसतं. उघड्या डोळ्यात तो ऑक्सिजन अश्रूंमार्फत थेट हवेतून घेतो. डोळा मिटला की पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून मिळेल त्यावर भागवावं लागतं, आणि ते प्रमाण उघड्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. झोपेत कॉर्निया लेन्सशिवायही तीन-चार टक्के सुजतो आणि सकाळी तासाभरात मूळ पदावर येतो. त्यावर लेन्सचं झाकण ठेवलं की सूज वाढते.

लेन्समधून ऑक्सिजन किती जातो त्याचा आकडा म्हणजे डीके भागिले टी: पदार्थाची क्षमता भागिले जाडी. १९८४ साली होल्डन आणि मर्ट्झ यांनी याच्या मर्यादा काढल्या. दिवसा घालायला किमान २४, झोपेत किमान ८७. जुन्या हायड्रोजेलला (पाणी धरणाऱ्या मऊ प्लॅस्टिकला) दिवसाची मर्यादा गाठतानाही धाप लागायची. १९९९च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल आलं आणि आकडा सहज शंभरावर गेला. ऑक्सिजनचा प्रश्न बराचसा सुटला आणि त्या जोरावर मंजुरी मिळाली.

तेव्हा अपेक्षा अशी होती की आता संसर्गही घटतील. ते झालं नाही. सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला साधारण दोन ते चार जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होतो. लेन्स घालून झोपणाऱ्यांत तो आकडा विसाच्या आसपास आहे, आणि सिलिकॉन हायड्रोजेलने तो खाली आला नाही. कारण उघड आहे. पापणी लवते तेव्हा लेन्सखालचे अश्रू बदलतात, कचरा बाहेर जातो. झोपेत पापणी लवत नाही. लेन्सखालचं पाणी साचतं आणि तिला चिकटलेले जंतू कॉर्नियाशी तासन्‌तास टेकून राहतात. वाढीव ऑक्सिजनचा त्यावर काय उपयोग?

दुपारची डुलकीही यातच मोडते. घालून झोपलात आणि लेन्स चिकटल्यासारखी वाटली तर ओढू नका. थेंब टाका, दहा मिनिटं पापण्या लववा, लेन्स हलायला लागली की काढा. (रात्री घालून सकाळी काढायच्या ऑर्थो-के लेन्स हे वेगळं प्रकरण. त्या कडक असतात, कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतात, आणि संसर्गाचा धोका त्यांनाही लागू आहे.)

तळटीप

निरभ्र यांनी डबीचा विषय काढलाच आहे तर तो पुरा करू. लेन्सच्या तक्रारींपैकी निम्म्याअधिक डबीत मुरलेल्या असतात असं माझं ठाम मत आहे.

नेहमीच्या मल्टिपर्पज सोल्यूशनसाठी (धुवायला आणि जंतू मारायला एकच असतं ते) क्रम असा:

हात साध्या साबणाने धुवा. क्रीम किंवा सुगंधी तेल असलेला साबण नको, त्याचा थर लेन्सवर बसतो आणि दिवसभर धूसर दिसतं. तंतू न सुटणाऱ्या कापडाने हात कोरडे करा. ओल्या बोटाला सॉफ्ट लेन्स चिकटून बसते, डोळ्यावर उतरत नाही, शिवाय ते नळाचं पाणी लेन्समध्ये जातं ते वेगळंच. रोज एकाच डोळ्यापासून सुरुवात करा म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही. काढलेली लेन्स तळहातावर ठेवा, सोल्यूशनचे तीन-चार थेंब टाका आणि बोटाच्या पेराने मधून कडेकडे अशी दोन्ही बाजूंनी मिळून वीसेक सेकंद चोळा. गोल गोल चोळल्याने कड फाटते. मग सोल्यूशनच्या धारेखाली पाच-दहा सेकंद धरा आणि ताज्या सोल्यूशनने भरलेल्या डबीत बुडवा. बाटलीवर चार किंवा सहा तास लिहिलेले असतात, तेवढा वेळ ती बाहेर काढायची नाही.

बाटलीवर 'चोळायची गरज नाही' असं असलं तरी चोळा. जंतुनाशक पातळ असतं कारण ते डोळ्याला सोसायचं असतं. प्रथिनांचा आणि मेदाचा थर हाताने काढल्याशिवाय ते खालपर्यंत पोचत नाही.

सकाळी लेन्स घातल्यावर डबीतलं सोल्यूशन ओतून द्या. त्यातलं जंतुनाशक रात्रभरात खर्ची पडलेलं असतं. उरलेल्यात नवं मिसळलं की नव्याचीही ताकद उतरते. डबी सोल्यूशनने खंगाळा, बोटाने किंवा टिश्यूने आतून पुसा आणि झाकणं काढून टिश्यूवर पालथी ठेवा, शक्यतो न्हाणीघराबाहेर. आतल्या भिंतीला बोट लावून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर आहे, त्यावर सोल्यूशन चालत नाही. डबी तीन महिन्यांनी बदलाच.

प्रवासासाठी सोल्यूशन छोट्या बाटलीत काढून नेऊ नका, निर्जंतुकपणा तिथेच संपतो. आणि सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे. सलाइन धुवायला, सोल्यूशन जंतू मारायला. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेली लेन्स म्हणजे मिठाच्या पाण्यात ठेवलेली लेन्स, बाकी काही नाही.

कुतूहल

हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन जास्त चांगलं म्हणतात, पण त्याने डोळा भाजतो असंही वाचलं.

तळटीप

दोन्ही खरं. ३ टक्के पेरॉक्साइड जंतूंवर, विशेषतः बुरशीवर, कडक काम करतं आणि त्यात टिकवण्याची रसायनं नसतात. ज्यांना नेहमीच्या सोल्यूशनने चुरचुरतं त्यांना ते मानवतं. पण ते त्याच्याबरोबर आलेल्या उभ्या डबीतच वापरायचं. झाकणाला जाळीच्या दोन टोपल्या असतात आणि तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती. चकतीमुळे पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, बुडबुडे येतात ते त्याचेच. झाकणाला वायू जायला भोक असतं, म्हणून डबी आडवी ठेवायची नाही. पूर्ण निष्प्रभ व्हायला सहा तास लागतात.

घोळ होतो तो दोनच ठिकाणी. एक, साध्या चपट्या डबीत पेरॉक्साइड ओतणं: तिथे चकती नाही, सकाळीही ते पेरॉक्साइडच असतं. दोन, सकाळी लेन्स 'जरा धुऊन घेऊ' म्हणून त्याच बाटलीची धार मारणं. बाटलीचं तोंड लाल असतं ते यासाठीच. चुकून डोळ्यात गेलंच तर लेन्स काढा आणि भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धूत राहा. जळजळ भयंकर असते, पण बहुतेकदा कायमची इजा होत नाही. तरी दाखवून घ्या. चकती कालांतराने निकामी होते, म्हणून प्रत्येक नव्या बाटलीबरोबर आलेली नवी डबीच वापरायची.

बाभूळकाटा

पाण्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. नळाचं पाणी पिण्याजोगं असलं तरी लेन्ससाठी नाही. त्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पोटात गेला तर बाधत नाही. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती दुहेरी कवच करतो आणि ते कवच पाण्यातल्या क्लोरिनला दाद देत नाही. लेन्सला चिकटून कॉर्नियावर बारीकसा ओरखडा सापडला की आत शिरतो. सुरुवातीला डोळा थोडाच लाल दिसतो, पण वेदना त्या मानाने फार जास्त. उपचार महिनोन्‌महिने चालतात.

यात पोहणं, अंघोळ, गरम पाण्याचे टब, विहीर, समुद्र सगळं आलं. 'डोळे मिटून पोहतो' याला अर्थ नाही. पोहायचंच असेल आणि लेन्सशिवाय दिसत नसेल तर नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात. ते नको असतील तर रोज फेकायच्या लेन्स, वर घट्ट बसणारा पोहण्याचा गॉगल, आणि बाहेर आल्यावर लेन्स कचऱ्यात. साध्या पाण्याने सॉफ्ट लेन्स फुगते आणि डोळ्याला घट्ट बसते, म्हणून पोहून आल्या आल्या ओढू नका. थेंब टाकून काही मिनिटं थांबा.

रोज फेकायच्या लेन्स दुसऱ्या दिवशी वापरण्याबद्दल एवढंच: त्या रात्रभर भिजवण्यासाठी आणि चोळण्यासाठी बनवलेल्याच नसतात. दोन दिवस घालायची लेन्स हवी असेल तर पंधरवड्याची किंवा महिन्याची घ्या. आणि महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून एक महिना. मधले पंधरा दिवस डबीत पडून होती म्हणून तिचं आयुष्य वाढत नाही.

आडकित्ता

चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर वेगळा का येतो? चष्मा उणे ६ आणि लेन्स उणे ५.५ लिहून मिळाली की लोकांना वाटतं तपासणाऱ्याने घोळ घातला.

भिंगरी

घोळ नाही, अंतराचा हिशेब आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट कॉर्नियावर. उणे ६ चा चष्मा १२ मिलिमीटरवरून डोळ्यावर आणला की उणे ५.६ होतो, आणि लेन्स पाव-अर्ध्याच्या टप्प्यांत मिळतात म्हणून उणे ५.५. अधिक नंबरला उलट: अधिक ६ चं जवळपास अधिक ६.५. चारच्या खाली फरक इतका थोडा असतो की धरत नाहीत.

यातून एक गोष्ट निघते जी आधी सांगितली जात नाही. उणे नंबरवाल्या माणसाला चष्म्यातून जवळचं बघताना डोळ्यावर जोर कमी द्यावा लागतो. उणे ६ वाल्याने ४० सेंटिमीटरवरचं वाचलं तर चष्म्यातून साधारण २.१ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) जोर लागतो आणि लेन्समधून २.४. तिशीत हे जाणवत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर चष्म्याने नीट वाचणारा माणूस लेन्स घातल्यावर फोन लांब धरू लागतो आणि म्हणतो, लेन्सचा नंबर चुकला. नंबर बरोबर असतो, चाळिशी जरा लवकर उघडी पडलेली असते.

सिलिंड्रिकल नंबरवाल्यांना (ज्यांना एका दिशेत वेगळा नंबर लागतो त्यांना) लेन्स चालत नाहीत हाही जुना समज. त्यांच्यासाठीची टॉरिक लेन्स खालच्या बाजूने जड किंवा वर-खाली पातळ करून स्थिर ठेवतात आणि तिच्यावर सहाच्या किंवा तीन-नऊच्या जागी बारीक खूण असते. ती खूण नेहमी कुठे जाऊन थांबते ते फिटिंगच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अॅक्सिस (सिलिंडरची दिशा) दहा अंशाने फिरला तर सिलिंडरचा जवळपास एक तृतीयांश दोष दुरुस्त न होता उरतो. तीस अंशाने फिरला तर लेन्सचा सिलिंडर असून नसल्यासारखा. खूण बघणाऱ्याच्या डावीकडे सरकली तर तितके अंश अॅक्सिसमध्ये मिळवायचे, उजवीकडे गेली तर वजा करायचे. अॅक्सिस ९० आणि खूण दहा अंश डावीकडे, तर पुढची लेन्स १०० ची मागवायची. 'टॉरिकने कधी स्पष्ट तर कधी पुसट दिसतं' ही तक्रार असेल तर नंबर बदलण्याआधी लेन्स फिरतेय का ते बघा.

म्हणूनच चष्म्याच्या कागदावरून परस्पर लेन्स मागवू नये. त्या कागदावर बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक) आणि व्यास नसतो. बहुतेक सॉफ्ट लेन्स ८.३ ते ८.८ बेस कर्व्ह आणि १४ ते १४.५ मिलिमीटर व्यासाच्या असतात, पण सारख्या आकड्यांच्या दोन कंपन्यांच्या लेन्स एकाच डोळ्यावर वेगळ्या बसतात. घट्ट लेन्स तर पहिल्या दिवशी सैलपेक्षा जास्त सुखाची वाटते. हलत नाही ना! तिची किंमत नंतर लालीने आणि कॉर्नियात शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांनी मोजावी लागते.

पापणी

बिननंबरी रंगीत लेन्सला हे सगळं तंतोतंत लागू आहे. नंबर शून्य म्हणजे धोका शून्य नाही. उलट काहींमध्ये रंग पृष्ठभागावरच असतो, तिथे खडबडीत होऊन जंतूंना धरायला जागा मिळते. मैत्रिणीमैत्रिणींत अदलाबदल तर अजिबात नको.

मेकअपचा क्रम: आधी लेन्स, मग मेकअप. काढताना आधी लेन्स, मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावलं तर तिथल्या तेलग्रंथींची तोंडं बुजतात, अश्रू लवकर सुकतात आणि लेन्स कोरडी पडते. लेन्सच्या दिवशी काजळ केसांच्या मुळाबाहेर.

लेन्स उलटी आहे का ते ओळखायला ती बोटाच्या टोकावर ठेवून कडेने बघा. वाटीसारखी उभी कड म्हणजे सुलटी, बशीसारखी बाहेर पसरलेली म्हणजे उलटी. उलटी घातल्याने इजा होत नाही, फक्त टोचते आणि सरकते.

आडकित्ता

वेल्डिंगच्या ठिणगीने लेन्स डोळ्याला वितळून चिकटली, अशी एक बातमी वर्षानुवर्षं फिरतेय.

बाभूळकाटा

आणि वर्षानुवर्षं खोटी आहे. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा थर असतो, तो क्षणात आटून लेन्स चिकटायची तर आधी चेहराच भाजून निघेल. वेल्डिंगच्या उघड्या झोताने कॉर्निया अतिनील किरणांनी पोळतो हे मात्र खरं. लेन्स असो वा नसो, सहा ते बारा तासांनी डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसवत नाही. उपाय वेल्डिंगचा मुखवटा. काळा गॉगल पुरत नाही.

निरभ्र

इथून गॉगलकडे वळू. पहिलं वाक्य जे सगळीकडे छापलेलं असतं: 'स्वस्त काळा गॉगल घालण्यापेक्षा न घातलेला बरा, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि जास्त अतिनील किरण आत जातात.'

कवडसा

तर्क बरोबर आहे, निष्कर्ष सरसकट लावू नये. बाहुली २ मिलिमीटरची ४ झाली तर क्षेत्रफळ चौपट होतं. काच दृश्य प्रकाश अडवत असेल आणि अतिनील तसाच सोडत असेल तर नुकसान नक्की. प्रश्न असा की अशा काचा किती?

पॉलिकार्बोनेट निसर्गतःच साधारण ३८० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे सगळे अतिनील शोषतं, वर काही लावावं लागत नाही. चष्म्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक, सीआर-३९, काही न मिसळता ३५५ च्या आसपासपर्यंत अडवतं आणि पुढचं शोषक मिसळून जमवतात. खरा संशय घ्यावा तो साध्या रंगीत काचेचा आणि अॅक्रिलिकच्या पातळ पत्र्याचा. त्यामुळे पदपथावरचा गॉगल चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो आणि नावाजलेला जुना काचेचा गॉगल नापास. किमतीवरून काही ठरत नाही, रंगावरून तर नाहीच. अतिनील शोषणारी काच पूर्ण पारदर्शकही असू शकते.

स्वस्त गॉगलचं जास्त वेळा सापडणारं दुखणं वेगळंच असतं: काच नीट ओतलेली नसते. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची उभी चौकट बघा आणि गॉगल हळू डावी-उजवीकडे हलवा. चौकट लाटेसारखी वाकली तर तो घालून डोकं दुखणारच.

आडकित्ता

चाचणी घरी करता येते ना? अतिनील टॉर्च गॉगलमधून नोटेवर मारायचा. नोटेवरचे धागे चमकले तर गॉगल नापास.

कवडसा

नाही. बहुतेक स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. सनग्लासेसचं मानक, आयएसओ १२३१२-१, अतिनीलची हद्द ३८० पर्यंत धरतं. म्हणजे मानकाला पुरेपूर उतरणारा गॉगल या टॉर्चसमोर नापास होऊ शकतो. उलट गडद काचेतून चमक इतकी मंद होते की दिसतच नाही, आणि वाईट गॉगल पास होतो. दुकानातला यूव्ही (म्हणजे अतिनील) मीटर बरा, पण तोही बहुधा एखादीच तरंगलांबी मोजतो. 'यूव्ही ४००' हे लेबल असेल तर दावा ४०० नॅनोमीटरपर्यंतचा आहे, पण लेबल चिकटवायला काही लागत नाही. म्हणून बनवणाऱ्याचं नाव आणि दांडीच्या आत छापलेली मानकाची खूण बघा.

तिथेच ० ते ४ मधला एक आकडा असतो. तो काळेपणाचा वर्ग आहे, अतिनील संरक्षणाचा दर्जा नव्हे. शून्य म्हणजे ८० ते १०० टक्के प्रकाश आत, १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८, आणि ४ म्हणजे ३ ते ८. रोजच्या उन्हाला ३ पुरे. ४ बर्फ आणि उंच पर्वतांसाठी, तो घालून गाडी चालवायला मनाई असते. ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी कुठलीही काच रात्री गाडी चालवताना नको, आणि यात 'नाइट ड्रायव्हिंग'चे पिवळे चष्मेही आले. पिवळ्याने उजळ वाटतं, प्रत्यक्षात आत येणारा प्रकाश कमीच होतो.

कुतूहल

पोलराइज्ड असेल तर अतिनील संरक्षण आलंच ना?

कवडसा

आपोआप येत नाही. पोलराइज्ड थर आडव्या पृष्ठभागावरून येणारी तिरीप कापतो. पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट यांवरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवित असतो, म्हणजे त्याचे तरंग आडवेच कंप पावतात, पाण्यावर साधारण ५३ अंशाच्या कोनात तर जवळजवळ पूर्णपणे. थर फक्त उभा प्रकाश सोडतो. अतिनील अडवणं हे काचेच्या पदार्थाचं काम. चांगल्या गॉगलमध्ये दोन्ही असतं, पण एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

पोलराइज्ड खरा आहे का हे मात्र घरी कळतं. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवा, एका कोनात पडदा काळा झाला पाहिजे. हाच त्याचा तोटाही आहे: उपकरणांचे पडदे काही कोनांतून दिसेनासे होतात, म्हणून वैमानिकांना तो वापरू नका म्हणतात. बर्फाळ रस्त्यावरची चकाकीही तो लपवतो, आणि तिथे चकाकी हाच घसरण्याचा इशारा असतो.

पापणी

काचेइतकंच चौकटीकडे बघा. बाजूने येणारा प्रकाश कॉर्नियातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो, सुमारे वीसपट तीव्र होऊन. टेरिजियम, म्हणजे पांढऱ्या भागावरून कॉर्नियावर चढणारी मांसल वाढ, बहुतेकदा नाकाच्या बाजूनेच सुरू होते, त्याचं हे एक स्पष्टीकरण. तेव्हा चिमुकल्या गोल काचांचा गॉगल कितीही शंभर टक्के अडवणारा असला तरी बाजूने सगळं उघडं. काच भुवईपर्यंत पोचणारी, चेहऱ्याला जवळ बसणारी आणि दांड्या रुंद असाव्यात.

वेळेबद्दलही उलटा समज आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भुवई आणि पापणी डोळ्याला सावली देतात. सूर्याकडे तोंड असेल तर डोळ्यात जास्त अतिनील सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास शिरतात, सूर्य साधारण ४० अंशांवर असताना. ढगांवरही विसंबू नका, विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील खाली येतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, कोरडी वाळू १५, समुद्राचा फेस २५.

मुलांच्या डोळ्यातलं भिंग अजून नितळ असतं, त्यातून अतिनील जास्त खोल जातात. त्यांना खेळण्यातला गॉगल देऊ नका. खरा द्या किंवा रुंद काठाची टोपी द्या.

आडकित्ता

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा गाडीत काळ्या होत नाहीत. सदोष माल?

कवडसा

गाडीची पुढची काच थरांची असते आणि अतिनील जवळपास सगळे अडवते. त्या काचा तर अतिनीलनेच काळ्या होतात. माल ठीक आहे. थंडीत त्या जास्त काळ्या होतात, कडक उन्हाळ्यात कमी, तेही रसायनाच्या स्वभावामुळे. काळ्या झाल्या नाहीत म्हणून अतिनील आत येतात असं नाही, पारदर्शक अवस्थेतही त्या अडवतातच.

कुतूहल

अतिनील अडवणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर गॉगल कशाला?

भिंगरी

त्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला यूव्हीए (लांब तरंगांचे अतिनील) ९० टक्के आणि यूव्हीबी (आखूड तरंगांचे) ९९ टक्के अडवतो, दुसरा त्याहून कमी. पण लेन्स १४ मिलिमीटरची. पांढरा भाग आणि पापण्यांची त्वचा उघडीच राहते. बाजूने कॉर्नियात शिरणारा प्रकाश मात्र ती अडवते, जे सपाट गॉगलला जमत नाही. दोन्ही घाला. गॉगलने वाराही अडतो, लेन्स कमी सुकते.

बाभूळकाटा

ग्रहणाला कुठलाच गॉगल चालत नाही, वर्ग ४ सुद्धा. तो ३ टक्के तरी प्रकाश सोडतो. ग्रहणाच्या चष्म्याचं मानक वेगळं, आयएसओ १२३१२-२, आणि तो लाखपटीच्या आसपास प्रकाश कमी करतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे जळताना काहीच जाणवत नाही.

अवांतर: संगणकाचे 'ब्लू ब्लॉक' चष्मे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते) डोळ्यांच्या थकव्यावर त्यांचा अल्पकाळात फायदा दिसला नाही. पडद्यासमोर पापण्या कमी लवतात हे मूळ कारण आहे, लेन्सवाल्यांना तर दुप्पट जाचतं. मुद्दाम पूर्ण पापण्या मिटा.

आडकित्ता

शेवटची शंका. लेन्स घातल्यावर डोळा लाल झाला तर थांबून बघायचं किती वेळ?

तळटीप

काढून बघायचं, घालून नव्हे. लेन्स काढल्यावर तासाभरात लाली आणि टोचणं ओसरलं तर बहुधा लेन्सवर कचरा होता किंवा ती कडेला फाटली होती. उजेडासमोर धरून कड तपासा, संशय आला तर फेका. काढल्यावरही दुखणं वाढत गेलं, उजेड सोसवेना, दिसणं पुसट झालं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, उद्या नाही. स्यूडोमोनास जातीच्या जंतूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरतो.

डोळ्यावर पट्टी बांधू नका. घरात उरलेले थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर बरं वाटेल आणि आत जंतू माजतील. दुसऱ्या डोळ्यातलीही लेन्स काढून ठेवा. काढलेली लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली फेकू किंवा धुऊ नका, तशीच पिशवीत घालून बरोबर न्या. कॉर्नियाच्या नमुन्यात जंतू सापडला नाही तरी डबीत सापडतो, आणि औषध कोणतं द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.

भिंगरी

यात एक जोड: रसायन उडालं असेल तर हा क्रम नाही. लेन्स काढण्यात वेळ न घालवता लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा, पंधरा-वीस मिनिटं. इथे नळाचं पाणी चालतं. लेन्स धारेबरोबर निघाली तर ठीक, नाहीतर धुता धुता काढा, आणि ती पुन्हा वापरू नका.